हाकेवर उतरलेला घाट

"इलास, आज तू पुढं राहायचं. मी तुझ्या मागं," सुकुमार अण्णा म्हणाले, आणि माझी उरलीसुरली झोप उडाली.

आजऱ्याच्या वेशीवर डिसेंबरच्या धुक्यात आम्ही पन्नाशी ओलांडलेले बाप्ये घट्ट चड्ड्या घालून सायकली धरून उभे होतो. बायकोनं मला त्या वेषात बघून "अहो, निदान वरून लुंगी तरी गुंडाळा" असं म्हटलं होतं. शर्यत आजऱ्यापासून आंबोलीपर्यंत आणि पुढं घाट उतरून थेट पायथ्याशी. शहाणा माणूस घाटाच्या उतारावर शर्यत ठेवत नाही. पण आमच्या सायकल मंडळात शहाणा माणूस औषधालाही नव्हता.

"मी पुढं? अण्णा, थट्टा करताय व्हय?" मी म्हणालो. "चार वर्षं झाली, तुमच्या चाकाकडं बघत सायकल हाणतोय मी. मला पुढचा रस्ता कसा असतो तेच ठाऊक न्हाई."

"मग आज बघ," ते म्हणाले. त्यांचा हात माझ्या सायकलच्या सीटवर होता आणि तो त्यांनी काही केल्या काढला नाही.

सुकुमार चौगुले म्हणजे आमच्या गावच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसचे ड्रायव्हर. मी विलास इंगवले, मिठाईवाला. स्वतःचेच पेढे खाऊन मी असा फुगलो होतो, की डॉक्टरनं दम भरला, "इंगवले, दुकान तरी बंद करा नाहीतर तोंड तरी." तेव्हा अण्णांनी मला धरून सायकलवर बसवलं. पहाटे दाराशी येऊन घंटी वाजवायचे. उठलो नाही तर आणखी वाजवायचे, शेजारी शिव्या घालेपर्यंत. मी आज चालता-बोलता आहे तो त्या घंटीमुळं, आणि हे मी कुणालाही सांगतो.

त्या शर्यतीवर अण्णांचं काय लागलं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. पंधरवड्यापूर्वी त्यांच्या बसनं शाळेच्याच फाटकाचा खांब घासला होता. पोरं आत होती. कुणाला खरचटलंही नाही, पण मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून विचारलं, "चौगुले, वय झालं का? दुसरा ड्रायव्हर बघू का?" ते शब्द अण्णांच्या फार जिव्हारी लागले. बाईंना ते म्हणाले, "रविवारी घाट उतरून दाखवतो. धड उतरलो तर सोमवारी गाडी मीच काढणार. न्हाई जमलं, तर तुम्ही सांगायच्या आधी मी घरी." बाई हसल्या म्हणे. पण अण्णा हसण्यावारी बोलत नसत. त्यांनी स्वतःलाच घातलेली ती परीक्षा होती.

"काय चौगुले, आज शेपूट धरून का?" पलीकडून वकील नाईक ओरडले. नाईक म्हणजे आमच्यातला सगळ्यात तगडा गडी, आणि जिभेलाही तितकाच तगडा. "मिठाईवाल्याच्या आडोशाला बसताय? आडोसा मात्र ऐसपैस आहे हां!"

सगळे हसले. मीही हसलो. अण्णा हसले नाहीत. ते डोळे बारीक करून धुक्याकडं बघत होते.

शिट्टी वाजली.

सायकलच्या शर्यतीत एक गोष्ट बघणाऱ्याला कळत नाही. तिथं रस्ता फक्त पुढच्याला दिसतो. बाकीचे एकामागोमाग एक, चाकाला चाक लावून चालतात, कारण पुढच्याच्या पाठीमागं वारा लागत नाही. आणि मागच्याला दिसतं काय, तर पुढच्याचं चाक आणि ढुंगण. म्हणून पुढच्यानं हाक द्यायची. "खड्डा डावीकडं!" "खडी!" "म्हैस!" ती हाक मागचा त्याच्या मागच्याला देतो, आणि अशी ती शेवटपर्यंत जाते. प्रतिस्पर्धी असो, वैरी असो, हाक द्यायचीच. अण्णांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "इलास, शर्यतीत दम चोर, चाक चोर, पण हाक चोरू नको. हाक चोरली की माणूस मरतं."

ते हाकेचं वेड त्यांनी बसमधल्या पोरांनाही लावलं होतं. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही पोरी त्याच बसनं शाळेत जायच्या. त्यांना स्कूटरवर घेतलं की दोघी मागून किंचाळायच्या, "काका, कुत्रं! काका, उजवीकडं खड्डा!" बसमध्ये तसा खेळच होता म्हणे, जो आधी हाक देईल त्याला लिमलेटची गोळी. गोळ्या अण्णा माझ्याच दुकानातून न्यायचे, दर शनिवारी पिशवी भरून. मला त्याचं मोठं कौतुक होतं. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, बघा, अण्णा आत्तापासून सायकलपटू तयार करतायत.

धुक्यात मी पुढं, अण्णा मागं, असे आम्ही निघालो. मी हाका देत होतो, ते त्या मागं पोचवत होते. सुरुवातीला मजा वाटली. आयला, पुढं असण्यात काही और आहे म्हटलं! मग एका वस्तीपाशी उजव्या अंगाच्या बोळातून एक म्हैस थेट रस्त्यात आली. मी बेसावध होतो, हाक द्यायला उशीर झाला. मी डावीकडं वळलो, नाईक शिव्या घालत शेतात उतरले, मागं दोघेजण एकमेकांत अडकून पडले. अण्णा मात्र सरळ गेले. मान वळवली नाही, ब्रेक दाबला नाही. म्हशीचं शिंग त्यांच्या कोपराला चाटून गेलं.

"वा रे पठ्ठ्या!" मी ओरडलो. "अण्णा, काळीज हाय का दगूड?"

"का? काय झालं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, ऐट करतायत. थोडं पुढं गेल्यावर मात्र त्यांचे शब्द मी पुन्हा मनात घोळवले. माणूस ऐट करतो तेव्हा त्याच्या आवाजात ती कळते. अण्णांच्या आवाजात ऐट नव्हती. त्यांनी खरंच विचारलं होतं.

शेतातून वर आलेले नाईक आमच्या बाजूला आले तेव्हा लालेलाल झाले होते. "अहो चौगुले, ते डोळे आहेत का सदऱ्याची बटणं? अख्खी म्हैस दिसत नाही तुम्हाला?"

"तुम्हाला दिसली न्हवं? मग झालं," अण्णा म्हणाले.

मी मागं वळून बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, बघायची मला भीती वाटली.

आंबोली येईपर्यंत धुकं फाटलं आणि कडक ऊन पडलं. चढावर बरेच गळाले होते. पुढं आम्ही तिघंच उरलो, नाईक, मी आणि माझ्या चाकाला चिकटून अण्णा. घाटाच्या तोंडाशी नाईकांनी एकदा आमच्याकडं बघितलं, वाकले आणि उतारावर सुटले. अण्णा मागून म्हणाले, "इलास, हाक मोठ्यानं दे. वाऱ्यात ऐकू येत न्हाई."

"देतो की."

"सगळी दे. वळण आलं, वळण दे. सावली आली, सावली दे."

"सावली कशाला?" मी विचारलं. पण तोवर उतार लागला होता, आणि वाऱ्यात माझे शब्द गेले.

पहिलं वळण उन्हात होतं. ते अण्णांनी असं देखणं घेतलं, की मी डोळ्याच्या कडेनं मागं बघतच राहिलो. दुसरं वळण रानात शिरत होतं. डोक्यावर झाडं मिटली, उजेड गेला, रस्ता काळा आणि ओला झाला. मी "डावं!" म्हणून हाक दिली आणि वळता वळता खांद्यावरून एकदा मागं बघितलं.

अण्णांचे डोळे सताड उघडे होते, आणि ते कशाकडंच बघत नव्हते. मान एका बाजूला कललेली. तोंड माझ्याकडं नव्हतंच, कान माझ्याकडं होता. तो माणूस माझ्या आवाजावर घाट उतरत होता.

काय करावं? ब्रेक दाबावा तर ते येऊन माझ्यावर आदळणार आणि दोघंही दरीत. "थांबा" म्हणून ओरडावं तर ओल्या वळणावर थांबणार कुठं? आणि गप्प बसावं, तर... गप्प बसायचा विचारही नको. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला कठडा, आणि कठड्यापलीकडं नुसती झाडांची टोकं दिसत होती.

मग मी हाका द्यायला लागलो. जन्मात दिल्या नाहीत अशा. "डावं, लांबलचक डावं! आता सरळ! सरळच! उजवं येतंय, थांबा, थांबा, आत्ता उजवं! कठडा तुटलाय, आतनं या! ट्रक येतोय खालनं, माझ्या चाकाला चिकटा! वाळू! वाळू!" घसा फाटला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्यानं की भीतीनं, देवालाच ठाऊक. कुलदैवतापासून शेजारच्या गावच्या दैवतापर्यंत सगळ्यांना नवस बोललो. आणि मागून दर हाकेला शांतपणे उत्तर यायचं, "व्हय." "व्हय." "आलो."

नाईक कुठं गाठले, तेही मला आठवत नाही. एकदम रान संपलं, झाडं मागं पडली, आणि समोर उन्हानं धुतलेला सरळसोट रस्ता, टोकाला कापडी फलक. उजेडात आल्याबरोबर अण्णांच्या अंगात वारं शिरलं. माझ्या मागून ते निघाले, माझ्या पुढं गेले, नाईकांच्याही पुढं गेले, आणि फलकाखालून दोन्ही हात वर करून बाहेर पडले.

लोकांनी उचललं त्यांना. हार काय, गुलाल काय, कुणी तरी ढोल आणला होता तो काय. मी सायकल टाकून रस्त्याकडेला बसलो आणि ओकलो. नाईक माझ्या पाठीवर थोपटत म्हणाले, "इंगवले, काय ओरडत होता हो घाटभर! पण म्हातारा जिंकला, मानलं बुवा."

अण्णा गर्दीतून वाट काढत आले. गुलालानं माखलेले, डोळ्यांत पाणी. दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं. "इलास, पास झालो रं! बघितलास न्हवं? घाट उतरलो! उद्या सकाळी गाडी मीच काढणार. बाईंना सांगायला माणूस बी गेला."

इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या मनात एकच येत होतं, हे आपण काय करून बसलो?

परत वर न्यायला मंडळाचा टेम्पो होता. मागं सायकली रचलेल्या, त्यांच्यात आम्ही दोघंच बसलो. बाकीचे जेवायला थांबले होते. टेम्पो घाट चढायला लागला तेव्हा मी विचारलं, "अण्णा, किती दिसतंय?"

त्यांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "कळलं व्हय तुला."

"वळणावर मागं बघितलं मी."

"समोरचं दिसतं. उन्हात झकास दिसतं," ते म्हणाले. "नळीतनं बघितल्यागत. बाजूचं काय न्हाई. सावलीत गेलो, सांज झाली, की समोरचं बी जातं. मिरजेचा डॉक्टर म्हणाला, ह्याला औषध न्हाई."

"आणि लायसनची तपासणी?"

"तिथं पाटीवरची अक्षरं वाचायला लावतात. ती समोरच असतात की. शेवटची ओळसुद्धा वाचली मी."

"अण्णा, अहो, नदीवरच्या जुन्या पुलाला कठडा न्हाई. त्याच्या आधी दोन्ही बाजूला वडाची झाडं हायत, भर दुपारी अंधार असतो तिथं. रोज दोन वेळा पोरं घेऊन जाता तुम्ही तिथनं! कसं जाता?"

ते हसले. खरंच सांगतो, त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, अगदी भाबडं होतं.

"पोरं हाका देतात की," ते म्हणाले.

टेम्पोचं इंजिन रडत होतं. मला माझ्या पुतण्या आठवल्या, स्कूटरवर मागं बसून किंचाळणाऱ्या. काका, कुत्रं. काका, खड्डा. लिमलेटच्या गोळीसाठी त्या दोघी अख्खी बस पुलावरून न्यायच्या, आणि मी त्या गोळ्या अण्णांना तोलून देताना वर मूठभर जास्त टाकायचो.

"लई हुशार पोरं हायत," अण्णा सांगत होते. "एक हाक चुकत न्हाईत. आणि रस्ता माझ्या अंगवळणी हाय. खांबाचं तेवढं झालं, त्या दिवशी सगळी गाण्याच्या भेंड्या खेळत होती. पण आज घाट उतरलो न्हवं? आता शंका न्हाई माझ्या मनात. मला भ्या वाटत होतं, इलास. आता न्हाई वाटत."

काय बोलावं या माणसाला? ओरडावं, तर त्यानंच मला माणसात आणलेलं. बाईंना सांगावं, तर त्या म्हणणार, घाट जिंकलेल्या माणसावर काय आळ घेताय. आणि अण्णांना समजावून सांगितलं तर ते ऐकतील? परीक्षा दिली होती त्यांनी, आणि पास झाले होते.

घाटाच्या तोंडाशी आलो तशी मी टपावर थाप मारली. "थांब रे बाबा!"

"आता काय? पुन्हा शर्यत लावताय काय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"अण्णांचा फोटो काढायचाय. तू हो पुढं, आम्ही येतो सायकलवर."

दोन्ही सायकली खाली घेतल्या. टेम्पो गेला. मी म्हणालो, "अण्णा, परत उतरायचा घाट. आता तुम्ही पुढं, मी मागं."

"मागनं हाक कशी देणार तू?"

"देणारच न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. उन्हात होतो, तेव्हा मी त्यांना नीट दिसत असणार. "हाक चोरणार? माझ्याशी?"

"व्हय," मी म्हणालो. "उद्या गाडी काढायची न्हवं? मग आज एकट्यानं उतरून दाखवा."

आता नाही म्हणतील, सायकल फेकतील, मला आईबहिणीवरून शिव्या देतील असं वाटलं. पण भित्रा नव्हता तो माणूस. सायकलवर टांग टाकली आणि निघाले. मी त्यांच्या मागं, हात पुढं केला तर सदरा हाताला लागेल एवढ्या अंतरावर. ते सुसाट सुटले असते तर मी काय करणार होतो, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही.

उन्हातलं पहिलं वळण त्यांनी मघासारखंच देखणं घेतलं. मग झाडं आली. सावलीत शिरताच त्यांनी ब्रेक दाबला. सायकल हळू झाली, आणखी हळू झाली. रस्ता डावीकडं वळला, आणि अण्णा सरळच चालले, कठडा संपून नुसतं गवत होतं तिकडं. माझ्या तोंडात "डावं" आलं होतं. मी जीभ दातांखाली धरली, हात पुढं केला. तेवढ्यात ते थांबले. एक पाय जमिनीवर टेकला. त्यांच्या पुढच्या चाकापलीकडं हातभर गवत होतं, आणि त्याच्यापुढं काही नव्हतं.

"इलास?"

मी बोललो नाही.

"हाईस न्हवं मागं?"

खालून कुठून तरी ट्रकचा भोंगा वाजला. अण्णांनी डावा हात बाजूला पसरून चाचपलं. काही नाही. उजवा पसरला. तिकडंही काही नाही. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, लहान पोर अंधारात घेतं तसा.

"कठडा कुठल्या बाजूला हाय रं? बोल की. इलास, एक हाक दे. एकच दे."

मी रडत होतो. आवाज बाहेर येऊ नये म्हणून मूठ तोंडात घातली होती. पण हाक दिली नाही. ट्रकचा आवाज जवळ आला, तसा मी त्यांचा सदरा धरला आणि सायकलसकट त्यांना मागं, आत, कातळाच्या अंगाला ओढलं. ट्रक धूर सोडत वर निघून गेला.

आम्ही दोघं तिथंच चरात बसलो. गुलाल घामानं ओघळून त्यांच्या गळ्यापर्यंत आला होता. त्यांनी विचारलं, "किती राहिलं होतं?"

"हातभर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तुझ्या भावाच्या पोरी बसमध्ये कुठं बसतात, ठाऊक हाय तुला?"

"न्हाई."

"पुढं. माझ्या बाजूला. धाकटीची हाक सगळ्यात मोठी. पूल आला की ती उभी राहती, मला नीट ऐकू जावं म्हणून." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं, आणि हात तसेच तोंडावर राहिले. हातांच्या आडूनच ते म्हणाले, "उद्या गाडी मी काढत न्हाई. त्या दोघींना तूच सोड शाळेत."